वारज्यात नवं मैलाशुद्धीकरण केंद्र: मुठा खरंच सुधारेल का?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. पुण्यात वारज्याला मुठा नदीच्या अंगाला राहायला येऊन एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी गॅलरीतून नदी दिसते म्हणून पाहुण्यांना मुद्दाम तिकडे बसवायचे. आता पावसाळा सोडला तर संध्याकाळी ती खिडकी बंदच असते. जानेवारीपासून जलपर्णी इतकी दाट होते की कुत्री तिच्यावरून चालत जातील असं वाटतं.

मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून जो प्रकल्प चालू आहे, त्यातलं एक केंद्र आमच्या बाजूला आहे. 2016 च्या जानेवारीत मंजुरी मिळाली, खर्च 990 कोटी, त्यातला 85 टक्के केंद्र सरकारचा. एकूण 11 नवी केंद्रं आणि रोजची क्षमता 396 दशलक्ष लिटर. वारज्याच्या वाट्याला 28 दशलक्ष. हे सगळं 2022 च्या जानेवारीला पूर्ण व्हायचं होतं, मग मुदत वाढत गेली.

आता माझा प्रश्न. केंद्र सुरू झाल्यावर नदीत काय बदलायला हवं आणि किती दिवसांत? आणि ते नीट चालतंय की नुसतं उभं आहे, हे माझ्यासारख्या बाईला काठावर उभं राहून कसं कळेल? मला तक्रारीचा अर्ज लिहायचा नाहीये, आधी समजून घ्यायचंय.

सह्यवारा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

आबा विठ्ठलवाडीकर

ताई, तुम्ही एकोणीस वर्षांचं सांगताय, मी साठ वर्षांपूर्वीचं सांगतो. विठ्ठलवाडीच्या देवळाखाली पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकलो. तळाचे गोटे दिसायचे. पायाला मासे टोचायचे म्हणून धाकटी बहीण पाण्यात उतरायलाच घाबरायची. पानशेतचा पूर आला तेव्हा, 12 जुलै 1961 ला, मी लहान होतो. त्या दिवसानंतर कितीतरी महिने आईने आम्हाला नदीवर जाऊ दिलं नाही, इतकी त्या पाण्याची धास्ती. आणि आज माझी नात विचारते, "आजोबा, ही नदी आहे की नाला?" मी तिला नदी असंच सांगतो. तुमचं केंद्र चालावं अशी फार इच्छा आहे हो.

ब्लोअरवाला

नदीकाठचीताई, चौदा वर्षं मी अशाच केंद्रांवर काढली आहेत (दुसऱ्या शहरात), त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडेल. लांब होईल.

आधी आत काय होतं ते. मैलापाणी येतं, जाळ्यांवर चिंध्या, प्लास्टिक, केसांचे पुंजके अडतात. पुढच्या टाकीत वाळू बसते. इथवर नुसती चाळणी आहे. खरं काम पुढे, जिवाणूंचं. टाकीत तळापासून हवा सोडायची, म्हणजे जिवाणू पाण्यातली घाण खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. मग हवा बंद केली की ते तळाला बसतात आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. शेवटी क्लोरीन. हे जिवाणू म्हणजे दावणीची जनावरं समजा. वैरण रोज हवी, हवा रोज हवी. त्यांना उपास घडवून चालत नाही. वीज सहा-आठ तास गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं, तर टाकी नासायला लागते, आणि मग पुन्हा बसवायला कितीतरी दिवस जातात. केंद्राच्या खर्चात विजेचं बिल हा मोठा भाग असतो आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड हवा सोडणाऱ्या ब्लोअरवरच पडते.

आता तुम्हाला काठावरून काय दिसेल:

वास. नीट चालणाऱ्या टाकीला ओल्या मातीचा वास येतो, खरंच सांगतो, पहिल्या पावसासारखा. कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडते आहे.

रंग. टाकीतलं पाणी दाट तपकिरी हवं. काळं म्हणजे नासलेलं.

फेस. सुरुवातीच्या आठवड्यांत पांढरा फेस खूप येतो, त्याला घाबरू नका. दुसऱ्या चालू केंद्रातून गाळ आणून इथे विरजण लावतात, ते लागायला दोन-चार आठवडे जातात.

सगळ्यात साधी चाचणी म्हणजे एक लिटरची काचेची नळी. टाकीतलं पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसलं तर जनावरं तब्येतीत. आम्ही रोज सकाळी चहाच्या आधी ही नळी बघायचो. नागरिकांना केंद्र बघायची परवानगी मिळाली तर तिथल्या माणसाला एवढंच म्हणा, "नळी दाखवता का?" तो जर उत्साहाने दाखवायला लागला तर समजा केंद्र चांगल्या हातात आहे.

नदीकाठची

ब्लोअरवाला दादा, किती सुंदर समजावलंत! "विरजण" हा शब्द वाचून सगळं डोक्यात बसलं.

कोंढाणा

वरचं सगळं मान्य, पण मला मूळ दुखणं वेगळं वाटतं. केंद्रात जिवाणू खायला तयार बसलेत, पण ताट त्यांच्यापर्यंत येतंय का?

मी धायरीचा. वारज्याच्या वरच्या अंगाला खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, शिवणे ही गावं. 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं पालिकेत आली. कित्येक ठिकाणी इमारती आधी आल्या, ड्रेनेज लाईन नंतर, किंवा अजून नाहीच. तिथे सेप्टिक टँक भरला की गाडी बोलवायची. ती गाडी रात्री कुठे रिकामी होते हे ओढ्याकाठी राहणाऱ्यांना विचारा. 2025 च्या जानेवारीत आमच्याच भागात जीबीएसची (गियाँ-बारे, मज्जातंतूंचा आजार) साथ आली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडले, विहिरीच्या पाण्याची चर्चा झाली. माझ्या शेजारच्या घरातला मुलगा तीन आठवडे दवाखान्यात होता. त्या दिवसांपासून मैलापाणी आणि पिण्याचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नात भर घालतो. 28 दशलक्ष क्षमता आहे हे ठीक, पण रोज आत किती येतंय हा आकडा मागा. प्रवेशावर मीटर असतो. 28 चं केंद्र आणि येतंय निम्मं, तर उरलेलं कुठे जातंय ते उघड आहे.

ब्लोअरवाला

कोंढाणा, शंभर टक्के. आम्ही त्याला "उपाशी केंद्र" म्हणायचो. याउलट पावसाळ्यात ओढ्याचं पाणी लाईनमध्ये घुसतं, तेव्हा तेच केंद्र तुंबतं आणि जास्तीचं पाणी तसंच नदीत सोडावं लागतं. पाऊसपाणी आणि मैलापाणी वेगळं ठेवल्याशिवाय हे सुटत नाही.

टेम्सकाठ

लंडनहून. अगदी हेच दुखणं इथलंही. इथल्या जुन्या गटारांत पाऊस आणि मैला एकत्र वाहतो, म्हणून थोडा जोराचा पाऊस आला की मैला टेम्समध्ये. त्यासाठी नदीखालून 25 किलोमीटरचा बोगदा खोदला, तो आत्ता 2025 मध्ये पूर्ण जोडला गेला. पण हीच टेम्स 1957 मध्ये इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने जैविकदृष्ट्या मृत ठरवली होती, आणि आज तिच्या खाडीत सील दिसतात. मी स्वतः पाहिलेत, लेकीला खांद्यावर घेऊन. पुण्याची आठवण आली की मी हेच डोळ्यांपुढे आणतो. वेळ लागतो, पण नदी परत येते.

सह्यवारा

रुमाल उचलला. मी थोडं गणित केलंय, चुकलं तर दुरुस्त करा.

जुन्या नऊ केंद्रांची क्षमता 477 दशलक्ष लिटर. (भैरोबा 130, नायडू 115, एरंडवणे 50, मुंढवा 45, खराडी 40, विठ्ठलवाडी 32, बाणेर 30, बोपोडी 18, तानाजीवाडी 17.) त्यात नवी 396. एकूण 873. समजा सगळी केंद्रं पूर्ण क्षमतेने आणि उत्तम चालली.

नव्या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप) लिटरमागे 10 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं धरलंय. कच्च्या मैल्यात तो दोनशेच्या आसपास असतो, म्हणजे काम मोठं आहे. पण अंघोळीलायक नदीचा निकष आहे 3. बीओडी 1 असलेलं धरणाचं स्वच्छ पाणी मिसळून 10 वरून 3 वर यायचं, तर शुद्ध केलेल्या एका लिटरमागे साडेतीन लिटर ताजं पाणी लागतं. 873 ला साडेतीनने गुणा. रोजचे साधारण 3,055 दशलक्ष लिटर, वर्षाचे 39 टीएमसी (अब्ज घनफूट).

खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा 29.15 टीएमसी.

म्हणजे नुसतं पाणी मिसळून नदी स्वच्छ करणं शक्यच नाही. केंद्र हवंच. पण केंद्र चांगलं चाललं तरी पावसाळ्याबाहेर वारज्याच्या मुठेत जे वाहील ते बव्हंशी शुद्ध केलेलं मैलापाणीच असेल, कारण खडकवासल्याचं पाणी कालव्याने आणि पिण्याच्या लाईनीने जातं, पात्रात फक्त पावसाळी विसर्ग येतो. मला तर यात फार वाईट वाटतं. आपण नदीचं स्वतःचं पाणी काढून घेतलं आणि तिला आपलं वापरलेलं परत दिलं.

पाणकावळा

सह्यवारा, गणिताला सलाम, पण त्यात नदीचं स्वतःचं काम धरलेलं नाही. पाणी गोट्यांवरून खळखळत गेलं की हवा मिसळते, काठच्या गवतात, पाणथळीत गाळ बसतो, जिवाणू तिथेही असतातच. केंद्रातून 10 वर निघालेलं पाणी पाचसहा किलोमीटर चांगल्या पात्रातून वाहिलं तर आणखी सुधारतं. अट एवढीच की पात्र पात्रासारखं असलं पाहिजे. म्हणून नदीकाठ सुधारणेच्या नावाखाली काठाला भिंती बांधण्याची मला भीती वाटते.

अवांतर: दख्खनी महसीर माशाचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये त्याचं वर्णन पहिल्यांदा केलं, ते पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. जगभर ज्या माशासाठी लोक गळ घेऊन फिरतात, त्याची कागदोपत्री जन्मभूमी आपली मुळा-मुठा आहे. महसीरला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. मी रोज खराडीच्या पुलावरून जातो आणि रोज हे आठवतं.

रेवाकन्या

भिंतींच्या मुद्द्यावर असहमत. काठ सुधारला, लोक फिरायला आले तर घाण टाकणाऱ्यावर नजर राहील. 44 किलोमीटरचा नदीकाठ आज उकिरडा आहे, त्याला कुणी वाली नाही.

पाणकावळा

लोकांनी यावं हे मान्य. पण काँक्रीटवरून नव्हे, पायवाटेवरून यावं. झाडं तोडून पात्र अरुंद केलं तर 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याच्या पुराने जे दाखवलं ते नदी दाखवेल.

सह्यवारा

नदीकाठ सुधारणेवर वेगळा धागा काढूया, नाहीतर ताईंचा प्रश्न वाहून जाईल.

भीमातीर

म्या दौंड तालुक्यातला. शेती हाय, ऊस आन थोडा भाजीपाला. तुमी समदे पुण्यातनं बोलताय म्हनून खालच्या अंगाचं बी सांगतो.

तुमची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळती. तिथनं खाली उजनी. उजनीचं पानी सोलापूरला पितात. त्याच्या खाली पंढरपूर. आषाढीला माजी आई चंद्रभागेत बुडी मारती आन तीर्थ म्हनून तोंडात घेती. तिला म्या काय सांगू?

आन मुंढव्याचं. तिथं जॅकवेल (पानी उपसायची विहीर) बांधून शुद्ध केलेलं पानी साडेसतरा नळीपाशी जुन्या बेबी कालव्यात टाकत्यात, वर्षाला साडेसहा टीएमसी द्यायचं ठरलंय, त्या बदल्यात शहरानं धरणाचं पानी घ्यायचं. कागदावर सौदा बरोबर हाय. पर पानी पुरतं शुद्ध झालं न्हाय तर आमच्या विहिरीला काळी कड येती. माज्या विहिरीचं पानी धा वर्सांपूर्वी गुरं आवडीनं पीत हुती, आता वास घेऊन तोंड फिरवत्यात. पानी द्या, आमी न्हाय म्हनत न्हाय. शुद्ध करून द्या, पिकाला उलट चांगलंच हाय त्ये, त्यात नत्र-स्फुरद असतंय.

नदीकाठची

भीमातीर दादा, तुमच्या आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरातून गेलेलं पाणी कुठे पोचतं याचा असा कधी विचारच केला नव्हता.

सह्यवारा

दादा, माझ्या गणिताची दुसरी बाजू तुम्ही दाखवलीत. शुद्ध पाणी खात्रीने शेताला गेलं तर तेवढं धरणातलं पाणी मोकळं होतं, आणि त्यातलं थोडं तरी नदीसाठी बारमाही सोडता येईल. फक्त ते शहराच्या नळालाच जाणार नाही हे आधी ठरलं पाहिजे.

संत्रानगरी

नागपूरकर हजर! आमच्याकडे भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. सुरुवात 130 दशलक्ष लिटरनं झाली. वीज केंद्राला थंड करायले पाणी लागतेच, मग धरणाचं कायले वापरा? घेणारा गिऱ्हाईक पक्का असला ना, की केंद्र चालवणाऱ्याले ते बंद ठेवताच येत नाही, पाणी आलं नाही तर तिकडून फोन येते. तुमच्याकडे पण असा गिऱ्हाईक शोधा. नाग नदी अजून सुधारायची आहे हे मात्र कबूल करतो.

ब्लोअरवाला

संत्रानगरी, फार मोलाचं बोललात. गिऱ्हाईक असला की नळी आपोआप रोज बघितली जाते.

अजिता

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. दोन गोष्टी.

एक, आमच्या सोसायटीतही छोटं शुद्धीकरण केंद्र आहे. बांधणाऱ्याने ताबा देताना चालवून दाखवलं, पुढे दोन वर्षं ते बंद होतं आणि आम्हा 140 कुटुंबांपैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. मीही त्यात आले. आता आम्ही चौघी आळीपाळीने जाऊन बघतो, बागेला तेच पाणी देतो, टँकर कमी झाले. मोठ्या केंद्राकडे बोट दाखवताना तळघरात एकदा डोकावून यावं, अशी सगळ्यांना विनंती.

दोन, ताईंनी विचारलं होतं की सामान्य माणसाला कसं कळेल. पाण्यात विरघळलेला प्राणवायू आहे की नाही हे बघायची विंकलरची पद्धत आम्ही मुलांना दाखवतो. झाकणाच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता काठोकाठ पाणी भरायचं. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण घालायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. नेमका आकडा काढायला पुढे आम्ल घालून टायट्रेशन करावं लागतं, ते प्रयोगशाळेतच. पण तपकिरी की पांढरा हे कुणालाही दिसतं. हातमोजे घालून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा, आणि उरलेलं मातीत ओतू नका.

मासे जगायला, अंघोळीला लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा असा निकष आहे.

कोंढाणा

अजिता मॅडम, हा धागा फक्त या प्रतिसादासाठी साठवून ठेवतोय.

नदीकाठची

धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी. सांगण्यासारखं घडलंय.

अजिता मॅडमनी मला द्रावणं आणि हातमोजे दिले आणि रविवारी स्वतः आल्या. कोंढाणा गाडी घेऊन आले. आम्ही तीन जागी बाटल्या भरल्या. पहिली खडकवासला धरणाच्या जलाशयाकाठी. दुसरी शिवण्याच्या पुलाखाली. तिसरी आमच्या वारज्याला, जिथे नाला नदीत उतरतो त्याच्या थोडं खाली.

पहिल्या बाटलीत चहाच्या रंगाचा साका बसला, छान गडद. दुसऱ्या बाटलीत फिकट, पिवळसर. तिसऱ्या बाटलीत पांढरा. दुधासारखा पांढरा. मॅडमनी पुन्हा भरून बघितली, पुन्हा पांढराच.

धरणापासून माझ्या खिडकीपर्यंत गाडीने अर्धा तास लागत नाही. तेवढ्या अंतरात नदीचा श्वास संपतो. मी तिथेच दगडावर बसून राहिले, बोलवेना.

तिन्ही बाटल्यांचे फोटो आणि जागा वहीत लिहून ठेवल्यात. केंद्र बघण्यासाठी परवानगीचा अर्ज दिलाय, त्यात तीन गोष्टी मागितल्यात: रोज आत येणाऱ्या पाण्याचा आकडा, बाहेर जाणाऱ्याचा बीओडी, आणि वीज गेल्यावर ब्लोअर किती वेळ चालतो. (आणि नळी!) नाला केंद्राला जोडला गेला की महिन्याने त्याच तीन जागी त्याच बाटल्या घेऊन जाणार.

ब्लोअरवाला

ताई, मी पुढच्या महिन्यात पुण्यात आहे. परवानगी मिळाली तर मलाही बरोबर घ्या. टाकीच्या काठावर उभं राहून वास घेतला की निम्मं मी तिथेच सांगेन.

आबा विठ्ठलवाडीकर

विठ्ठलवाडीच्या घाटाचीही एक बाटली भरा. मी नातीला घेऊन येतो.

भीमातीर

ताई, रांजणगाव सांडसच्या संगमाची बाटली म्या भरतो. द्रावण तेवढं पाठवा. पानी सकाळी भरायचं का दुपारी?

अजिता

सकाळी, दादा. सूर्य वर यायच्या आत. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारची बाटली खरं सांगत नाही. सगळ्यांनी एकाच रविवारी साडेसहाला भरूया. आबा, घाटावर शेवाळ असेल, नातीला बूट घाला आणि बाटली तुम्हीच भरा.